औषधांच्या कपाटातले अल्कोहोल



आपल्या घरातले औषधांचे कपाट एकदा सावकाश उघडून पाहावे. इंजेक्शनच्या आधी कातडी पुसण्याचे स्पिरिट, हातांना चोळण्याचे सॅनिटायझर, जेवणानंतर घ्यायचे द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट, होमिओपॅथीच्या थेंबांची बोटभर बाटली, गुळण्या करायचे माउथवॉश. आणि पुष्कळ घरांत, अगदी मागच्या बाजूला, कापडात गुंडाळून ठेवलेली ब्रँडीची चपटी बाटली. ‘औषधाला असू द्यावी’ म्हणून कधीतरी आणलेली. या बाटल्यांची नावे निरनिराळी, रंग निरनिराळे, त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही निरनिराळी. परंतु त्यांपैकी बहुतेकींत एकच रेणू असू शकतो. कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक. रसायनशास्त्र त्याला इथेनॉल म्हणते, व्यवहारात आपण त्याला अल्कोहोल म्हणतो.

मी चौतीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरची अकरा वर्षे आधी सासऱ्यांच्या आणि मग सासूबाईंच्या शुश्रूषेत गेली. फळ्यावर लिहिलेला रेणू थकलेल्या देहात गेल्यावर कसा वागतो, हे मला या दुसऱ्या काळात कळले. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्याविषयीच. आपल्या भाषेत या पदार्थासाठी दोन शब्द आहेत, ‘दारू’ आणि ‘औषध’. पहिला शब्द उच्चारला की आपण मान खाली घालतो, दुसरा उच्चारला की निश्चिंत होतो. दोन्ही वेळा आपण त्या पदार्थाकडे मात्र पाहत नाही. शरीराला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. त्याला फक्त मात्रा कळते.

वैद्यकात त्याची कामे दोन

‘अल्कोहोल’ हा शब्द मुळात अरबी. ‘अल् कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरम्याचा अतिसूक्ष्म पूड केलेला पदार्थ. पुढे कोणत्याही वस्तूच्या शुद्ध अर्काला आणि अखेरीस ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या मद्यार्काला हे नाव चिकटले. नाव अर्काचे असल्यामुळे असेल, पण यात काहीतरी सत्त्व, काहीतरी बळ आहे, ही समजूत लोकमनातून अजून गेलेली नाही. वैद्यक मात्र या पदार्थाला बळ देण्यासाठी वापरत नाही. वैद्यकात त्याची मुख्य कामे दोनच : विरघळवणे आणि मारणे.

पहिले काम साधे आहे. वनस्पतींतील जी द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, ती अल्कोहोलमध्ये विरघळतात आणि टिकतात. टिंक्चर म्हणतात ते हेच. येथे अल्कोहोल केवळ वाहक आहे, मालवाहू गाडीसारखे.

दुसरे काम अधिक विचार करण्याजोगे आहे. वर्गात मी एक प्रयोग नेहमी दाखवत असे. काचेच्या बशीत अंड्याचा पातळ, पारदर्शक भाग घ्यायचा आणि त्यावर अल्कोहोल ओतायचे. विस्तव नाही, उष्णता नाही, तरीही तो भाग पांढरा पडून गोठू लागतो. अल्कोहोल प्रथिनांची घडी विस्कटते. जंतूंचे शरीरही प्रथिनांचे आणि स्निग्ध आवरणाचे असते. म्हणून अल्कोहोलने ते मरतात. गंमत अशी की शुद्ध अल्कोहोलपेक्षा सुमारे सत्तर टक्क्यांचे, म्हणजे पाणी मिसळलेले अल्कोहोल हे काम अधिक चांगले करते. शुद्ध अल्कोहोल जंतूच्या बाहेरच्या भागातली प्रथिने झटकन गोठवते आणि उडून जाते. पाण्याच्या सोबतीने ते आत शिरते आणि पुरेसा वेळ टिकते. तेव्हा ‘शंभर टक्के’ लिहिलेली बाटली अधिक प्रभावी असेल, असे समजू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी यातून काही गोष्टी निघतात. इन्सुलिनचे इंजेक्शन देण्यापूर्वी किंवा साखर तपासण्यासाठी बोट टोचण्यापूर्वी स्पिरिट लावले, तर ते पूर्ण वाळू द्यावे. त्याने सुई कमी झोंबते आणि साखरेच्या आकड्यात घोळ होत नाही. सॅनिटायझर हातभर घेऊन वीस ते तीस सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळावे. हात मळलेले असतील किंवा घरात जुलाब-उलट्यांची साथ असेल, तर साबण आणि पाणीच हवे. जुलाबाच्या काही जंतूंवर अल्कोहोल नीट चालत नाही. आणि ओल्या हातांनी निरांजन लावू नये, गॅस पेटवू नये. उघड्या जखमेत स्पिरिट ओतू नये. जे जंतूची प्रथिने गोठवते, ते भरून येऊ पाहणाऱ्या मांसालाही सोडत नाही.

मोठ्या रुग्णालयांतही अल्कोहोलचा उपयोग होतो, आणि तेथे त्याचा स्वभाव फारच स्पष्ट दिसतो. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा काही जणांत जन्मजात दोषामुळे इतका जाड होतो की रक्ताचा मार्गच अडतो. १९९४ साली लंडनमध्ये डॉ. उलरिख सिग्वार्ट यांनी अशा पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिणीत नळीवाटे थोडेसे शुद्ध अल्कोहोल सोडले. तेवढ्या भागाचे स्नायू मेले, पडदा पातळ झाला आणि मार्ग मोकळा झाला. ही उपचारपद्धती आजही वापरात आहे. यकृतातल्या काही लहान गाठींत सुईने अल्कोहोल सोडून त्या मारल्या जातात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या असह्य वेदना कमी करण्यासाठी पोटाच्या मागील बाजूच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात ते टोचले जाते. वेदनेचा निरोप नेणारा तंतूच निकामी होतो. किती मिलिलिटर, नेमके कोठे आणि कोणाच्या हाताने, हे ठरलेले असते, म्हणून ते औषध ठरते.

एके ठिकाणी मात्र ते पोटात किंवा शिरेतून देऊन जीव वाचवता येतो. विषारी दारूत मिथेनॉल असते. यकृतातील एक विकर मिथेनॉलचे रूपांतर अखेरीस फॉर्मिक आम्लात करते. त्याने दृष्टी जाते, प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरहून अधिक माणसे अशा दारूने मेली. या विषबाधेवर दुसरे औषध हाताशी नसेल, तर डॉक्टर रुग्णाला मोजून इथेनॉल देतात. ते विकर इथेनॉलला अधिक पसंत करते. ते त्यात गुंतून राहिले की मिथेनॉल विष न बनता हळूहळू बाहेर टाकता येते. येथेही इथेनॉलने बळ दिलेले नाही. त्याने फक्त दार अडवून धरले आहे.

आजीच्या बटव्यातली ब्रँडी

हे ध्यानात घेतले की काही जुन्या घरगुती समजुतींकडे पुन्हा पाहता येते. त्या आपल्या वडीलधाऱ्यांनी मायेपोटी जपल्या, म्हणून त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्या तपासायला हव्यात.

‘थंडीत चमचाभर ब्रँडी घ्यावी, अंगात ऊब येते.’ ऊब येते असे वाटते, हे खरे. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त पृष्ठभागावर येते आणि कातडीला उबदार वाटते. पण त्याच वेळी ती उष्णता बाहेर निघून जात असते. आतले शरीर थंड होत जाते. ज्येष्ठांच्या देहात उष्णता राखण्याची शक्ती आधीच उणावलेली असते. त्यांच्यासाठी हा सौदा तोट्याचा. लोकरीचा मोजा आणि गरम पेज यांनी जे साधते, ते ब्रँडीने साधत नाही.

‘सर्दी झालेल्या बाळाला ब्रँडीचे दोन थेंब द्यावेत, छातीला चोळावी.’ आजी-आजोबांनो, हे मात्र कृपा करून करू नये. तान्ह्या मुलाच्या यकृतात अल्कोहोल पचवण्याची पुरेशी क्षमता नसते. त्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. तापात अंग स्पिरिटने पुसण्याची पद्धतही याच कारणाने मागे पडली. ते कातडीतून आणि श्वासातून आत जाते. साध्या कोमट पाण्याची घडी पुरेशी असते.

‘झोप लागत नसेल तर थोडी घ्यावी.’ पहिली झोप लवकर लागते, हे नाकारता येत नाही. पण अल्कोहोल ओसरू लागले की रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो, जाग येत राहते. शिवाय मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणाऱ्या संप्रेरकाला ते दाबते. म्हणून लघवीला उठावे लागते. अंधारात, अर्धवट झोपेत, डुलत्या पायांनी. ज्येष्ठांच्या घरात मध्यरात्रीच्या स्नानगृहाच्या वाटेइतकी धोक्याची वाट दुसरी नसते, हे ज्यांनी शुश्रूषा केली आहे त्यांना सांगायला नको.

आणखी एक रीत अंथरुणाला खिळलेल्यांविषयी. पाठीला स्पिरिट लावून वर पावडर चोळायची, म्हणजे शय्याव्रण होत नाहीत, असे पूर्वी रुग्णालयांतही शिकवत. माझ्या सासऱ्यांच्या वेळी घरी येणाऱ्या परिचारिकेने ते थांबवले आणि कारणही समजावले. स्पिरिटने म्हाताऱ्या, कागदासारख्या पातळ कातडीतला ओलावा आणि तेल निघून जाते. कोरडी कातडी लवकर फाटते. लाल पडलेल्या हाडाच्या जागी जोराने चोळले, तर आतले मांस अधिक दुखावते. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर सुरकुतीविना ठेवणे, अंग कोरडे करून साधे मलम लावणे, हेच खरे उपाय. त्यानंतर आमच्या घरात स्पिरिटची बाटली पाठीजवळ गेली नाही.

उतारवयातला तोच एक घोट

पोटात गेलेले अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरते. तरुण पुरुषाच्या देहाचा सुमारे साठ टक्के भाग पाणी असतो. वय वाढते तसे स्नायू घटतात, पाणी घटते. सत्तरीत ते पन्नास टक्क्यांच्या आसपास येते, स्त्रियांत त्याहूनही कमी. लहान भांड्यात तेवढेच मीठ टाकले तर पाणी अधिक खारट होते. तसेच येथे होते. चाळिशीत ज्या पेल्याने काही वाटत नसे, तोच पेला सत्तरीत रक्तात अधिक दाट होतो. ‘मी आयुष्यभर एवढीच घेतो, वाढवलेली नाही’ असे म्हणणारे आजोबा खोटे बोलत नसतात. पेला तोच राहिला आहे, देह बदलला आहे.

यकृत अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, मग ॲसिटिक आम्ल. मधला पदार्थ विषारी आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्ये मद्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, त्यामागच्या कारणांत हाही एक आहे. हे काम ठराविक गतीने चालते, ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही.

त्यात भर पडते गोळ्यांची. आपल्या पिढीच्या डब्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ असे कप्पे असतात, आणि त्यांतल्या कितीतरी गोळ्यांचे अल्कोहोलशी पटत नाही. झोपेची किंवा चिंतेची गोळी, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, मेंदूला मंदावते. अल्कोहोलही तेच करते. दोन्ही मिळून तोल जातो, श्वास उथळ होतो. मधुमेहाचे ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर अचानक उतरू शकते, कारण साठवलेली साखर सोडण्याचे काम करणारे यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंतलेले असते. साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, बरळणे, झोकांड्या, नशेसारखीच दिसतात. घरचे म्हणतात, ‘जास्त झाली असेल, झोपू द्या.’ हे झोपू देणे प्राणावर बेतू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वरखाली होतो. ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर जठरातून रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. रोज पिणाऱ्यांच्या यकृताला पॅरासिटामॉलची नेहमीची मात्राही जड जाऊ शकते. जुलाबांवरचे मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस अल्कोहोल टाळायला सांगतात. चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो.

आसव, अरिष्ट आणि थेंब

येथे एक प्रश्न साहजिक येतो. माझ्या सासूबाईंनीच तो विचारला होता. ‘अगं, मी जन्मात दारूला शिवले नाही. मग माझ्या दशमूलारिष्टात ती कशी?’

आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात. काढ्यात किंवा रसात गूळ, मध आणि धायटीची फुले घालून मडके बंद ठेवतात. आत आपोआप अल्कोहोल तयार होते आणि वनस्पतींतील द्रव्ये त्यात उतरतात. म्हणूनच ही औषधे टिकतात. त्यांच्या बाटलीवर ‘स्वनिर्मित अल्कोहोल’ असा उल्लेख असतो, प्रमाण बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास. आपल्या पूर्वसूरींना या द्रव्याची दोन्ही रूपे ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे आणि त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात ‘मदात्यय’ या मद्यजन्य विकारावर स्वतंत्र अध्याय आहे.

सासूबाईंना मी हिशेब मांडून दाखवला. दहा टक्क्यांचे अरिष्ट वीस मिलिलिटर घेतले तर त्यात दोन मिलिलिटर, म्हणजे वजनाने दीड ग्रॅमहून थोडे अधिक अल्कोहोल. दिवसातून दोनदा घेतल्यास सुमारे तीन ग्रॅम. बेचाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये ते सुमारे दहा ग्रॅम असते. म्हणजे दिवसभराचे अरिष्ट पेगच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेत घेणाऱ्या बहुतेकांना त्यापासून भय नाही. पण ‘अशक्तपणा आहे’ म्हणून कोणी मनानेच अर्धी वाटी घेऊ लागले, तर गणित बदलते. मधुमेह्यांनी त्यातला गूळही मोजावा. यकृताचा आजार असेल किंवा दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम ही गोळी चालू असेल, तर एवढीशी मात्राही चालत नाही, आणि ते डॉक्टरांना व वैद्यांना दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण पुष्कळ असते. मात्रा थेंबांची असते, म्हणून ते निभते. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचावी.

हा गुंता कायद्यालाही चुकला नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधनेही कचाट्यात घेतली. एफ. एन. बलसारा या गृहस्थांनी कोलन वॉटर, लॅव्हेंडर वॉटर आणि औषधी मद्ये बाळगण्याचा हक्क मागत न्यायालयात दाद मागितली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला, पण औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी रद्द ठरवली. कायद्याला अशी रेघ ओढावीच लागते. बाटली औषधाची की मद्याची, हे ठरवल्यावाचून त्याचे चालत नाही. यकृताला मात्र ही रेघ दिसत नाही.

न सांगितलेली गोष्ट

आता जे सांगायचे आहे त्यासाठीच हा सारा प्रपंच.

आमच्या नात्यात एक नाना आहेत. तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते. सरकारी नोकरीतून निवृत्त, शिस्तीचे, कोणाला कधी वावगा शब्द न बोललेले. रोज रात्री जेवणाआधी दोन पेग, तीस वर्षे. कधी झोकांडी नाही, आरडाओरड नाही. त्यामुळे घरात त्याविषयी कोणी बोलतही नसे. एके सकाळी ते स्नानगृहात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयातल्या अर्जावर ‘व्यसन’ असा रकाना होता. थोरल्या मुलाने ‘नाही’ असे लिहिले. त्याच्या मनात कपट नव्हते. वडिलांच्या नावापुढे तो शब्द लिहायला त्याचा हात धजला नाही, इतकेच.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींच्या सोबतीला गेले, तेव्हा नानांचे हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. रात्री ते भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणू लागले, वारलेल्या भावाला हाका मारू लागले, सलाईनची नळी ओढू लागले. कोणी म्हणाले भूल उतरलेली नाही, कोणी म्हणाले वय झाले. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. त्यांनी नानांचे हात आपल्या हातांत घेऊन पाहिले आणि वहिनींना हळूच विचारले, ‘आजोबा रोज काही घेत होते का?’

वहिनींनी मुलाकडे पाहिले. मुलगा जमिनीकडे पाहत होता. मग त्या म्हणाल्या, ‘रोज. दोन.’

तेवढ्या दोन शब्दांनी उपचाराची दिशा बदलली. डॉक्टर आले, मेंदूची खळबळ शांत करणारे औषध मोजून सुरू झाले, शिरेतून थायमिन हे ब जीवनसत्त्व दिले गेले. चौथ्या दिवशी नानांनी मला नावाने हाक मारली.

हे का घडते, ते समजून घ्यावे. दाराला बाहेरून कोणी सतत रेटत असेल, तर आतला माणूसही तितक्याच जोराने रेटत राहतो. बाहेरचा अचानक बाजूला झाला की आतला तोंडघशी पडतो. वर्षानुवर्षे मंदावणाऱ्या द्रव्याशी झुंजत मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. ते द्रव्य एकाएकी थांबले की ही उत्तेजना बेलगाम होते. कंप सहा ते बारा तासांत सुरू होऊ शकतो, कधी फेफरे येते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत असा भ्रम होतो. उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून रोज पुष्कळ घेणाऱ्या ज्येष्ठाची बाटली रागाने एका दिवसात मोरीत ओतणे, हा घरगुती उपाय नव्हे. सोडणे आवश्यकच, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

मग आपण काय करावे?

आधी घरातल्या सर्व बाटल्या एकत्र मांडाव्यात आणि ज्यांच्यावर अल्कोहोलची टक्केवारी आहे त्यांची नोंद कागदावर करावी. आसव, अरिष्ट, थेंब, माउथवॉश, खोकल्याचे औषध, आणि ती कापडात गुंडाळलेली बाटलीसुद्धा. हा कागद गोळ्यांच्या यादीला जोडून ठेवावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवावा.

स्पिरिट आणि सॅनिटायझर यांची जागा वेगळी व उंचावर असावी. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये ते पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या हाती ही बाटली पाण्याची समजून जाऊ शकते, आणि नातवंडांच्या हातीही. पाण्याच्या जुन्या बाटलीत हे द्रव कधीही भरू नये.

‘हृदयासाठी थोडी वाईन चांगली’ असे कोणी सांगितले तर नम्रपणे ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. ज्या अभ्यासांतून ही समजूत पसरली, त्यांपैकी अनेकांत आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसे ‘न पिणारे’ म्हणून मोजली गेली होती. त्यामुळे पिणारे अधिक निरोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की, आरोग्याला निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. जे घेत नाहीत, त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून सुरू करण्याचे कारण नाही.

आणि जे घेतात, त्यांच्या मुला-सुनांना, लेकींना, जोडीदारांना एकच विनंती. रुग्णालयाच्या अर्जावरचा तो रकाना म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. तेथे ‘रोज, इतके, इतकी वर्षे’ असे लिहावे, जसे आपण रक्तदाबाच्या गोळीचे नाव आणि मात्रा लिहितो तसे. लिहिताना लाज वाटली, तर डॉक्टरांना एकांतात सांगावे. आणि ज्येष्ठांनो, ही गोष्ट आपणच आपल्या तोंडाने सांगितली, तर मुलांवरचे केवढे ओझे उतरेल! पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, नाडी दाखवायला हात पुढे करतो तितक्या सहजपणे हे सांगून टाकावे.